जित्या माणसांचा पेंटर

जमलेल्या सगळ्या मंडळींना, पाव्हण्यारावळ्यांना, आयाबायांना माझा नमस्कार.

बसा, बसा. उठू नका कोणी. चहा अजून उकळायचाय, मला इथून दिसतंय. चहा घेतल्याशिवाय आपल्यात कोणी जात नाही. तोवर माझं ऐकून घ्या.

मला बोलायला कोणी बोलावलेलं नाही. गुरुजी आता "दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या" म्हणणारच होते, तेवढ्यात मी माईक घेतला. गुरुजी, राग मानू नका. स्तब्ध उभं राहायचं आहेच. कधी ते मी सांगते.

अशा वेळी बोलणं अवघड असतं. सगळे म्हणाले, शब्द फुटत नाहीत. माझं उलटं झालंय. माझ्या तोंडाशी इतके शब्द आलेत, आणि त्यातले निम्मे देवळात बोलण्यासारखे नाहीत. मारुतीरायानं आज थोडे कान झाकून घ्यावेत.

ज्यांना मी माहीत नाही त्यांना सांगते. मी शकुंतला. विलासची थोरली बहीण. मंचरला असते, ब्लाउज शिवते. मंचरला राहून माझी बोली जरा सुधारली म्हणतात. पण राग आला की ती पुन्हा या वाडीची होते. आज तसं झालं तर सांभाळून घ्या.

आधी मागं बघा. माझ्या पाठीमागं. हा फ्लेक्स बघा.

ह्यो कोण हाय?

नाव विलासचं आहे. डोळेही थोडेफार त्याचे आहेत. पण हा गुलाबी गोरापान गडी कोण? आणि हा फेटा? माझ्या भावानं स्वतःच्या लग्नातसुद्धा शेवटचं मंगलाष्टक व्हायच्या आत फेटा काढून करवलीच्या हातात दिला होता. डोकं खाजतं म्हणाला. आणि मेल्यावर तुम्ही कॉम्प्युटरवर त्याच्या डोक्यावर फेटा चढवलात. खाली श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे फोटो तर बघा. विलासपेक्षा त्यांची गर्दी जास्त. जणू लग्नातला मांडवच.

तुम्ही म्हणाल, ताई, रीत आहे. सगळ्यांचेच असे करतात.

हो. रीत आहे. मला ठाऊक आहे, कारण ती रीत माझ्या भावाच्याच हातून चालत आलेली. फ्लेक्स यायच्या आधी आपल्या चार-पाच वाड्यांत माणूस गेलं की विलास पेंटरला निरोप जायचा. घरचे एक फोटो आणून द्यायचे. कोणाच्या लग्नातला कापलेला, कोणाचा रेशनकार्डावरचा. विलास त्याच्यावर चौकटी आखायचा, तशाच चौकटी मोठ्या कागदावर आखायचा आणि एकेक घर भरत जायचा. वर फेटा, बाईमाणूस असेल तर नथ. काळं असेल ते गोरं. दाढी वाढलेली असेल तर गुळगुळीत. दहाव्याला ते चित्र हार घालून ठेवायचे आणि लोक म्हणायचे, काय हुबेहूब काढलंय!

हुबेहूब कसलं डोंबल. तोच म्हणायचा, "ताई, मी समद्यांना एकच फेटा बांधतो. तोंडं तेवढी बदलत्यात."

आता मघाच्या भाषणांकडं येते. सरपंच म्हणाले, विलासच्या हातात देवाची देणगी होती. बाजीरावअण्णा म्हणाले, उपजत कला होती. ओतूरचे पाव्हणे म्हणाले, बोटांत सरस्वती होती. एकामागून एक, सगळ्यांनी देवावर ढकललं.

उचलली जीभ, लावली टाळ्याला.

देवानं काय दिलं होतं माझ्या भावाला? मी सांगते काय दिलं होतं. अक्षर बरं दिलं होतं. ट्रॉलीच्या फळीवर "हॉर्न प्लीज" लिहायचा, दुकानाच्या पाट्या रंगवायचा. बस, एवढंच. बाकीचं त्यानं स्वतः मिळवलं. आणि कसं मिळवलं ते तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे, कारण तेव्हा तुम्ही हसत होता.

आमची आई गेली तेव्हाचं सांगते. आईचा फोटो शोधायला लागलो तर घरात एकच निघाला, आधारकार्डावरचा. त्या फोटोत आई चोर दिसते. डोळे फाकलेले, तोंड मिटलेलं, पदर कोणीतरी ओढून सारखा केलेला. विलास म्हणाला, ह्या फोटोवरून मी काढायचा नाही. माझी आई मला तोंडपाठ आहे. कागद घेऊन बसला. सकाळी बसला, दुपार झाली. मी भाकरी घेऊन गेले तर कागद कोराच. त्याच्या डोळ्यांतून पाणी चाललेलं.

मला म्हणाला, "ताई, आईचा कान कुठशी सुरू व्हत व्हता? डोळ्याच्या लायनीत का खाली? जलमभर बगितला आन् मला सांगता येईना."

मलाही सांगता आलं नाही. तुम्हाला येईल का तुमच्या आईचा सांगता? आत्ता, इथं बसल्या बसल्या?

त्या दिवशी माझ्या भावाला कळलं की आपण जन्मभर चौकटी भरल्या, माणूस कधी बघितलंच नाही. पन्नाशी ओलांडलेला माणूस. वाड्यावस्त्यांवर नाव असलेला पेंटर. त्यानं ठरवलं की आपल्याला चित्र काढता येत नाही, आता शिकायचं. हे कबूल करायला काय लागतं माहितीये? देणगी नाही लागत. छाती लागते.

जुन्नरला एका शाळेच्या हॉलमध्ये रविवारी ड्रॉइंगचं वर्कशॉप चालायचं. पुण्याहून एक सर यायचे. विलासनं नाव घातलं. वाडीत बातमी पसरली तर कोणी तरी पारावरून ओरडलं, वर्कशॉपला? ट्रॅक्टर बिघडला का काय? आठवतंय ना? आज तो ओरडणारा इथंच बसलाय, पांढऱ्या टोपीत. मी नाव घेत नाही.

तिथं सगळी कॉलेजची पोरं-पोरी. त्यांच्यात हा बाप्या. पहिल्याच दिवशी सरांनी त्याची जुनी चित्रं बघितली आणि म्हणाले, काका, हे चित्र नाही, ही नक्कल आहे. फोटो बंद करा. चौकटी बंद करा. मग त्याच्यासमोर एक खुर्ची ठेवली आणि सांगितलं, खुर्ची काढू नका. खुर्चीच्या पायांमध्ये जी मोकळी जागा दिसते ती काढा.

तिथून तो थेट माझ्याकडं मंचरला आला. चपला काढायच्या आत सुरू झाला. म्हणाला, "आयला, खुर्ची सोडून भोकं काढायला लावली मला. गेली तीस वरसं मी पेंटर हाय का न्हाई?" मी म्हणलं, नको जाऊ मग. पाणी प्यायला आणि म्हणाला, न्हाई गं, भोकं काढली तर खुर्ची आपसूक उभी राहिली. सर म्हणतोय ते खरं हाय.

आणि तो पुन्हा गेला. दर रविवारी गेला. पावसात गेला, लगीनसराईत गेला. पुढं मंचरला शिबिर झालं, तिथंही गेला. कागदाकडं न बघता काढायचं, नजर फक्त समोरच्यावर. पेन्सिल न उचलता काढायचं. समोरचा माणूस एकदा उभा राहणार, एकदा वाकणार, तेवढ्यात त्याला पकडायचं. घरी आला की सराव. सकाळी उठला की चहाच्या आधी स्वतःचा डावा हात काढायचा. म्हणायचा, फुकटचा मॉडेल हाय, रुसत न्हाई. मंगल, माझी भावजय, इथं बसलीय, तिला विचारा. घरात एक लग्नपत्रिका पाठकोरी राहिली नव्हती. कॅलेंडरचा महिना संपला की त्याच्या मागं हात. नुसते हात. मूठ, पंजा, पेरू धरलेला हात, विडी धरलेला हात.

ह्याला देणगी म्हणता? देणगी देवळाला देतात, पावती घेतात, नाव पाटीवर कोरून घेतात. माझ्या भावानं रोज सकाळी उठून घासलं तेव्हा ते आलं. ते श्रेय मी देवाला देणार नाही. मारुतीराया, तूही घेऊ नकोस.

बाजाराच्या दिवशी एसटीनं मंचरला यायचा आणि माझ्या दुकानात मशीनशेजारी स्टुलावर बसायचा. मी काम सोडून बसणार नाही म्हणलं, तर म्हणाला तेच पाहिजे. मी शिवायची, तो काढायचा. पहिलं चित्र मला दाखवलं तेव्हा मी म्हणलं, ही म्हैस कोणाची? गिऱ्हाइकं हसून हसून पडली. तोही हसला. म्हणाला, राहू दे, पुढल्या बाजारी म्हैस जरा माणसात येईल.

आणि आली हो. हळूहळू आली. आधी माझा चष्मा माझा दिसायला लागला. मग मान. मग दोरा ओवताना मी तोंड वाकडं करते ते. एक दिवस काढता काढता थांबला. पेन्सिल खाली ठेवली. म्हणाला, "ताई, गप ऱ्हा. हालू नको. तुझा कान आईचा हाय."

मी हलले नाही. मशीन बंद केली. बाहेर हायवेवर ट्रक कोकलत होते, कांद्याच्या गाड्या अडकलेल्या, आणि आम्ही दोघं दुकानात तसेच बसलो होतो. सुख कशाला म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं.

आता पुढचं ऐका. चुळबुळ करू नका. पुढचं तुमचंच आहे.

हे सगळं तो कशासाठी करत होता? प्रदर्शन भरवायला नाही. त्याची एकच इच्छा होती. आपल्या वाडीतलं कोणतंही म्हातारं माणूस नुसतं आधारकार्डाचा फोटो मागं ठेवून जाऊ नये. ते जितं आहे, बोलतंय, खोकतंय, तोवर त्याच्यासमोर बसून त्याला काढायचं आणि कागद घरच्यांना द्यायचा. फेटा नाही, रंग नाही. जसं आहे तसं.

म्हणून आधी महादूबाबांकडं गेला. बाबांचं वय काय होतं, तुम्हीच सांगा. अंथरुणाला खिळलेले. विलासनं त्यांना काढलं आणि पंधरवड्यात बाबा गेले. मग पलीकडच्या आळीत सोनाआज्जीला काढलं. तीही पिकलं पान. तीही गेली.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ. एवढं साधं होतं ते. पण नाही! जो माणूस मेलेल्यांची चित्रं काढायचा तो आता जित्यांची काढतोय, म्हणजे ह्याला आधीच कळतं. विलास पेंटर पॅड घेऊन दारात आला म्हणजे वरचं बोलावणं आलं. हे कोणी काढलं? मी विचारतेय, कोणी काढलं? "यमाचा पेंटर" हे नाव कोणी ठेवलं?

आता सगळे जमिनीकडं बघतात.

तो पारावर बसला की म्हातारी माणसं एकेक करून उठून जायची. धोतर झटकत, काही तरी काम निघाल्यासारखी. बाया पदर ओढून आत जायच्या, सासूला हाताला धरून आत न्यायच्या. एका लग्नात त्याला सांगितलं, जेव बाबा, पण ती पिशवी बाहेर ठेव. त्या पिशवीत काय होतं? चार पेन्सिली आणि खोडरबर. तुम्ही वरातीत फटाक्याची पोती आणता, ती चालतात. माझ्या भावाची पेन्सिल चालेना.

मी त्याला म्हणलं, सोड ही वाडी, मंचरला ये. तो म्हणाला, मंचरला माणसं लई हायत, पण माझी म्हातारी तिथं न्हाईत.

सरावाला मात्र खंड नाही. माणसं मिळेनात म्हणून पारगावच्या बाजूला जायचा, ऊसतोड्यांच्या कोप्यांवर, पाचटाच्या झोपड्यांत. ती परमुलखातली माणसं. त्यांना ह्याच्याबद्दल काही माहीत नव्हतं. ती बसायची. चुलीपुढं, बैलापाशी, पोराला पाजत. म्हणायची, काढा पेंटर, आमचा कोण काढतो फोटू? गाव सोडून सहा महिने आलेल्या माणसांनी माझ्या भावाला बसायला गोणपाट टाकलं. आणि त्याच्या जन्माच्या गावानं त्याला पारावर एकटं पाडलं.

बाजीरावअण्णा, आता तुमच्याकडं येते. तुम्ही डेअरीचे चेअरमन. मघाशी तुम्ही डोळे पुसत म्हणालात की विलास माझ्या घरातला माणूस होता.

घरातला? तुमच्या ओट्यावर तरी चढू दिलंत का त्याला?

मंडळी, अण्णांची आई, गोदाआक्का, सगळ्यांना आठवते. तिला कसली भीती नव्हती. विलास रस्त्यानं चाललेला तिनं बघितला आणि ओट्यावरून हाक मारली. हात वर करून. "ये रं इलास! मला काढ की. समद्यांना काढतो आन् मला का न्हाई?" आत जाऊन चांगलं लुगडं नेसून आली. ओट्यावर मांडी घालून बसली. विलासनं पॅड उघडलं. माझ्या भावाचा चेहरा कसा झाला असेल ते मी न बघताच सांगते.

आणि अण्णा, तुम्ही डेअरीवरून आलात. पॅड हिसकावलंत आणि गटारात टाकलंत. आणि म्हणालात, "माझ्या आईला खायाला आलास का?"

तुमची आई ओरडली, आरं बाजीराव, मी मरायची तवा मरंन, त्याला कशाला बोलतो. तुम्ही तिला दंडाला धरून आत नेलं. हे सगळं तुमच्या आळीनं बघितलं.

विलासनं गटारातून पॅड काढलं, टाकीवर धुतलं आणि घरी गेला.

त्या दिवसानंतर त्यानं वाडीत कोणापुढं पॅड काढलं नाही. तुम्हाला वाटलं, सुटलो. पण तो काय करायला लागला, ते मला ठाऊक आहे. तो बघायला लागला. नुसता बघायचा. डिंगोऱ्याच्या स्टँडवर, डेअरीच्या रांगेत, दळणाच्या गिरणीवर. दोन्ही हात खिशात. माणसाला पुरतं बघून घ्यायचा आणि घरी येऊन आठवणीतून काढायचा. पहिल्यांदा आई काढायला बसला तेव्हा जे जमलं नव्हतं, तेच. सरांना विचारून घेतलं होतं त्यानं. सर म्हणाले होते, काका, आधी बघायला शिका, मग पाठ आपोआप होतं. चुकलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा स्टँडवर. पुन्हा तेच माणूस बघायला.

तुम्ही सगळे आहात त्यात. सरपंच, तुम्ही पायावर पाय टाकून बसता तसे. गुरुजी, तुम्ही नाकात बोलता ते कसं दिसतं, तेसुद्धा त्यानं काढलंय. पांढऱ्या टोपीवाले, तुम्हीही आहात. तुम्हा सगळ्यांची चित्रं त्यानं काढली आणि तुम्ही सगळे इथं धडधाकट बसून चहाची वाट बघताय. कोणी मेलं का?

आणि मी! माझं चित्र त्यानं दर बाजारी काढलं. माझ्याइतकं कोणाला काढलं नाही त्यानं. मी मेले का? बघा माझ्याकडं. ही उभी हाय तुमच्या म्होरं. गुडघं दुखत्यात, पर जित्ती हाय!

आता तुम्ही नवीन काढलंय. मंगलच्या कानावर गेलंय ते. विलासनं आरशात बघून स्वतःला काढलं, म्हणून तो गेला. आधी लोकांना खाल्लं, मग स्वतःला.

आरं, त्याला आरशात बघायची येळ कुणी आणली? समोर बसायला एक माणूस न्हाई ठेवलं तुमी त्याला, मग तो आरशासमोर बसला. आन् मेला कशानं ते माझ्याकडनं ऐका. बीपीच्या गोळ्या चुकवायचा. मंगल रोज भांडायची त्याच्याशी. अंघोळीचं पाणी काढता काढता खाली बसला, तो उठला न्हाई. ह्याला झटका म्हणत्यात. डॉक्टरनं सांगितलं, मंगलनं सांगितलं, पर तुमाला यमच पायजे.

मंगल, तो कागद दे गं माझ्याकडं. हां. हेच ते आरशातलं.

गुरुजी, जरा सरका. ब्लाउज शिवणाऱ्या बाईकडं टाचण्या असतातच. हे मी ह्या फ्लेक्सवर लावतेय, बरोब्बर त्या गोऱ्या तोंडावर. कोणाला अडवायचं असेल तर या.

झालं. आता बघा. दाढी वाढलेली. चष्म्याच्या दांडीला दोरा. एक भुवई वर, कारण तो स्वतःवरच जरा खूश नाही. हा माझा भाऊ. हार ह्याला घाला.

माझं संपत आलंय. ज्यासाठी उभी राहिले ते आता सांगते.

देवळाच्या पायरीवर एक पोतं ठेवलंय, येताना बघितलं असेल. त्यात विलासचे सगळे कागद आहेत. चार शहाण्या माणसांनी माझ्या भावजयीला सांगितलं की जित्या माणसांची तोंडं असलेले हे कागद घरात ठेवू नयेत, सभा झाली की नदीला सोडायचे. नवरा गेलेली बाई, ती काय बोलणार? मान हलवली तिनं. आणि हे सांगण्यात पुढं कोण होतं? घरातला माणूस म्हणणारे बाजीरावअण्णाच.

परवा दशक्रियेला घाटावर कावळा शिवत नव्हता. सगळे होता तिथं. ऊन वर आलं, तरी शिवेना. मग एकेक जण हात जोडून पुढं आला. मंगलला सांभाळू म्हणालात, पोराचं लग्न थाटात करू म्हणालात. कावळा फांदीवर तसाच. मी मंगलशेजारी उभी होते. मी म्हणलं, इलास, तुझा एक कागद बी मी पाण्यात जाऊ देनार न्हाई. आणि कावळा खाली उतरला. मंगलनं बघितलं. बायांनी बघितलं.

मी असल्या गोष्टी मानत नाही. कावळ्याला भूक लागली असेल. पण तुमी मानता ना? महादूबाबाचा शकुन मानला, सोनाआज्जीचा मानला. मग हा बी माना! का आपल्या सोयीचा तेवढाच शकुन?

पोतं मंचरला येईल. माझ्याबरोबर, आजच. कोणी हात लावायचा नाही.

त्यातला एक कागद मात्र मी वर काढून ठेवलाय. हा. मागच्यांना दिसणार नाही, सांगते. ओटा आहे. ओट्यावर मांडी घालून गोदाआक्का बसलीय. तोंड उघडं आहे, कारण ती बोलतेय. उजवा हात वर आहे. "ये रं इलास."

अण्णा, तुमची आई बोलवतीय बघा.

तो दिवस त्यानं घरी जाऊन कागदावर काढला. कसा काढला मला माहीत नाही. गटारातला कागद वाळायच्या आत काढला असेल. माझ्याकडं आणला होता दाखवायला. मी म्हणलं, ज्यानं गटारात टाकलं त्याच्या आईचं चित्र काढतोस, लाज नाही वाटत? तो म्हणाला, "ताई, माझी आई मला जमली न्हाई. लई खेपा केल्या. तुझ्या कानावरनं बी जमली न्हाई. पर ही जमली. ही त्याला द्यायचीय, तो दारात उभं करीना म्हणून ऱ्हायलंय."

पुढं आक्का गेली. पुष्कळ दिवसांनी, तिच्या वेळेनं गेली. तुमच्या घरात आता तिचा मोठा फोटो आहे, मी बघितलाय. आधारकार्डावरचा वाढवून केलाय, वर कॉम्प्युटरची नथ. अण्णा, आक्काची एका हाताची करंगळी वाकडी होती. कोणत्या हाताची?

सांगा ना. कोणत्या?

राहू द्या. घरी जाऊन फोटोत बघा म्हणलं असतं, पण आधारच्या फोटोत हात नसतात.

माझ्या भावाला माहीत होतं. इथं आहे. ह्या कागदावर.

हा कागद मी तुम्हाला आणून देणार नाही. विलास चार वेळा तुमच्या दारापर्यंत येऊन मागं फिरला असेल, मी एकदाही येणार नाही. तुम्हाला आई हवी असेल तर मंचरला या. स्टँडवर कोणालाही विचारा, शकूताईचं दुकान. चारचौघांत उभं राहून मागा. मी देईन, कारण त्याची तशी इच्छा होती. माझी नाही.

बसा अण्णा. आत्ता उठू नका. आत्ता सगळ्यांनी मिळून उठायचंय.

चला, उभे राहा. म्हाताऱ्यांना हात द्या. चहावाल्या, गॅस बंद कर बाबा.

आता दोन मिनिटं गप्प. पण आज डोळे मिटायचे नाहीत. जन्मभर मिटलेच होते. आज डोळे उघडे ठेवायचे आणि शेजारच्या माणसाकडं बघायचं. बापाकडं, सासूकडं, बायकोकडं. कान कुठं सुरू होतो ते बघा. हसताना कोणता गाल आधी हलतो ते बघा. हात बघा. पाठ करा. पुन्हा तुमच्यासाठी हे करायला विलास येणार नाही.

मी त्याच्याकडं बघते.

इलास, हालू नको.